गच्चीला गच्ची दिसली पाहिजे

बिनतारी म्हटलं की लोक आकाशाकडं बघतात, जणू इंटरनेट ढगातून गळतंय. आमच्या शिरोळ तालुक्यात ते कधी गळलं नाही. एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर उड्या मारत जायचं, आणि मधे झाड, पाण्याची टाकी, देवळाचं शिखर, काहीही आडवं आलं की तिथंच अडकून बसायचं. गच्चीला गच्ची दिसली पाहिजे, एवढाच नियम. बाकीचं सगळं मी उन्हात डोकं तापवून शिकले, आणि डोकं माझं मुळातच तापलेलं.

माझं नाव शिवांजली. मला बेळगावला दिली होती. अडीच वर्षांत परत आले. का आले ते गावानं आपलं आपणच ठरवून टाकलं होतं, त्यामुळं सांगायचे माझे कष्ट वाचले. कॉम्प्युटरची पदवी होती, जयसिंगपुरात एस.टी. स्टँडच्या मागं एक गाळा मिळाला, तिथं सायबर कॅफे काढला. दोन हजार पाच साली सरकारनं बिनतारी इंटरनेटच्या एका लहरीवरची परवान्याची अट काढून टाकली आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. टेलिफोनची तार खेड्यात पोचत नव्हती, पोचली तर टिकत नव्हती. लोखंडी खांब, त्यावर जाळीची डिश, खाली ट्रॅक्टरची बॅटरी आणि रेडिओयंत्राचा एक डबा, एवढ्यावर पाच-सात मैल पलीकडच्या गावात इंटरनेट पोचवता येत होतं. फक्त गच्ची हवी होती. जागोजागी गच्च्या भाड्यानं घ्यायला माझ्याकडं काय होतं? नातेवाईक होते.

जयसिंगपूरहून पहिली उडी आमच्या घरावर. आमचं गाव शिरोळच्या पुढं, घर उंचवट्यावर, अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, खत-बियाण्याचं दुकान खाली आणि वर दोन मजले. तिथून दुसरी उडी कुरुंदवाडला महादेवी मावशीच्या गच्चीवर. मग हेरवाडला कल्लाप्पा मामाकडं आणि तिथून पार दत्तवाडपर्यंत. नकाशा काढला तर तो रेडिओचा वाटायचा नाही, आमच्या घरच्या लग्नपत्रिका वाटायचा रस्ता वाटायचा. कुणाकडून कागद लिहून घेतला नाही, सही घेतली नाही. मामाला काय करारपत्र दाखवायचं? प्रत्येकाला घरात फुकट इंटरनेट आणि दिवाळीला माझ्या हातचा चिवडा, एवढ्यावर सगळं चालायचं.

खांब उभे करायला माझा धाकटा भाऊ सोमेश होता. चोवीस वर्षांचा, माकडासारखा चढायचा. मी खालून दुर्बीण लावून हातानं खुणा करायची, तो वरून डिश फिरवायचा. डावीकडं थोडी, अजून थोडी, बास. आम्हा दोघांची त्या खुणांची एक भाषाच झाली होती. पहिल्या वर्षी आम्ही एक भलताच गाढवपणा केला. मामाच्या गच्चीवर खांब लावला तो मार्चमध्ये, ऊस तुटून रान मोकळं झालेलं असताना. समोर कुरुंदवाड तळहातावर असल्यासारखं दिसत होतं, म्हणून खांब आखूडच ठेवला. मामाचं घर खोलगटात, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. सप्टेंबरात बांधावरच्या रानातला ऊस डोक्याच्या वर गेला आणि इंटरनेट बंद. शेतकऱ्याच्या घरातली आम्ही पोरं, आणि ऊस वाढतो हे विसरलो. खांब उंच करून घेतला, तरी पुढं दोन वर्षं हेरवाडची माणसं मला बघितलं की विचारायची, “काय मॅडम, नेट चालू व्हायला तोड कवा घ्यायची?”

पण त्याच वर्षीच्या महापुरात कुरुंदवाडला चहूबाजूंनी पाणी लागलं, टेलिफोन मेले, आणि मावशीच्या गच्चीवरचा डबा तेवढा जिवंत राहिला. अख्खी गल्ली तिच्या जिन्यात रांग लावून बसली होती, पुण्या-मुंबईच्या पोरांना ‘आम्ही सुखरूप आहोत’ एवढं कळवायला. पूर ओसरल्यावर माझ्याकडं बघायची लोकांची नजर बदलली. आधी मी नागाप्पांची परत आलेली मुलगी होते. नंतर मी वायरलेसवाल्या मॅडम झाले. अप्पा दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्याला गच्चीवरचा खांब दाखवायचे, आणि मी तेवढ्यावर फुगायची.

दोन हजार सहाच्या नोव्हेंबरात एका दूध संघानं विचारलं, तुमच्या इंटरनेटवरून गावोगावच्या संकलन केंद्रातले आकडे, किती लिटर, किती फॅट, थेट जयसिंगपूरच्या कचेरीत दिसतील का? मी म्हटलं, दिसतील. संघाच्या संगणक विभागाचे साहेब बाळासो म्हणून होते, रोखठोक माणूस. ते म्हणाले, “मॅडम, दत्तवाडातनं एक सांजचं दूध घालून दाखवा. आकडे माझ्या पडद्यावर आले तर तालुक्यातली समदी केंद्रं तुमची. न्हाई आले तर कंपनीवाले दारात उभे हाईत.”

हे काम माझ्यासाठी काय होतं ते सरळच सांगते. कॅफे पोटापुरता होता. या कामावर मी माझ्या नावानं कंपनी काढणार होते, सोमेशला भागीदार करणार होते, आणि अप्पांच्या घरात ‘बिचारी’ म्हणून नाही तर हक्कानं राहणार होते. चार वर्षं मी त्या घरात पाहुण्यासारखी पाय आवरून वावरले होते. ते मला संपवायचं होतं.

चाचणीच्या दिवशी सकाळीच मी दत्तवाडला जाऊन बसले. सगळं झकास चालू होतं. केंद्राचे सचिव भाबडे गृहस्थ, दर पाच मिनिटांनी पडद्याला नमस्कार केल्यागत वाकून बघायचे. जेवायच्या वेळेआधी पडदा थबकला. मी तपासलं. मामाचा डबा उत्तर देत होता, मावशीचा डबा देत होता, आमच्या घरचा देत नव्हता. म्हणजे दोनच शक्यता: मावशीकडची डिश हलली, नाहीतर घरी काहीतरी झालं. मोबाइलला दत्तवाडात रेंज नावालाही नसायची. केंद्रातल्या फोनवरून सोमेशला लावला.

“हितं समदं झ्याक हाय आक्का,” तो म्हणाला. “आत्ताच वर जाऊन आलो. हिरव्या लाइटी लागल्यात. मावशीकडची डिश फिरली असंल बघ, माकडं लई झाल्यात तिकडं.”

“घरातली बॅटरी बघितलीस का?”

“व्हय की. तू मावशीकडं जा. सावकाश जा, दूध सांजचं हाय.”

यंत्रावर विश्वास ठेवायचा की भावावर, असा प्रश्नच माझ्या मनात आला नाही. दुर्बीण डिकीत टाकली आणि स्कूटी काढली.

हेरवाडला मामा रस्त्यावरच उभे होते. बांधावर नाही, दारात नाही, हमरस्त्याच्या मधोमध, हात आडवा करून. मला वाटलं, कुणीतरी दगावलं.

“शिवू, तुझा डबा लई गरम झालाय गं. हात लावंना. बघून जा.”

मी सांगितलं, डबा ठीक आहे, मी आत्ताच दत्तवाडातून तपासलाय. पण मामा ऐकेनात. वर नेलं, डबा दाखवला. तो उन्हात असतो तेवढाच गरम होता. मग चहा झाला. मग गुऱ्हाळावरून आणलेली काकवी आणि भाकरी पुढं आली. मग मामींच्या गुडघ्यांची कथा. मी उठले की मामा म्हणायचे, “बस की वाईच. मामाच्या घरातनं उपाशी जातीस व्हय?” मी चिडले होते, पण मामावर कसं चिडायचं? आमच्याकडं मामाच्या घरी ताट नाकारणं म्हणजे मामाला थोबाडीत मारणं. खाल्लं आणि सुटले.

कुरुंदवाडच्या स्टँडवर गुंडू दिसला. गुंडू केबलवाला. गावोगावी टीव्हीची केबल त्याची, आणि मी आल्यापासून त्याला माझ्या नावानं पोटशूळ उठायचा. चहाच्या टपरीवर निवांत पाय पसरून बसला होता. माझा पारा चढलेलाच होता. मी स्कूटी त्याच्या पायाशी नेऊन थांबवली आणि चार माणसांत विचारलं, माझ्या खांबाला हात कुणी लावला? आजच्याच दिवशी बरा बंद पडला? बरंच काही बोलले. हलकट म्हणाले, चोर म्हणाले.

गुंडूनं बशीतला चहा संपवला. “आक्का, तुमच्या खांबाला हात लावायची मला गरज न्हाई,” तो म्हणाला. “उगं गावभर भांडत फिरू नगा. आदी सोताच्या घराकडं बघा जावा.”

मला वाटलं हा माझ्या बेळगावच्या संसारावर बोलतोय. आणखी दोन शिव्या घालून मी निघाले. टपरीवरची माणसं हसली नाहीत, हे तेव्हा माझ्या ध्यानात यायला हवं होतं.

मावशीच्या घरी जिन्याच्या दाराला कुलूप होतं. दोन वर्षांत त्या दाराला मी कधी कुलूप बघितलं नव्हतं.

“माकडं येत्यात म्हणून लावलंय,” मावशी म्हणाली. “किल्ली हितंच कुठंतरी ठिवली बघ. सापडंल. तू आदी हात-पाय धू.”

किल्ली सापडेना. मावशीनं डबे धुंडाळले, उशा उलट्या केल्या, देव्हाऱ्यात बघितलं. मी पण शोधू लागले. मधेच तिनं ताट वाढलं, आणि मामाकडं खाल्लंय म्हटल्यावर निदान शेंगदाण्याची पोळी खा म्हणाली. घड्याळ पुढं सरकत होतं. मी म्हटलं, शेजारच्या गच्चीवरून उडी मारते. तर मावशीनं माझा हात धरला आणि देवघरापुढं पाट मांडला.

“बस,” म्हणाली. “तुझी ओटी भरायची हाय.”



ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. मुलगी माहेरी आली, मावशीकडं गेली, आत्याकडं गेली की तिची ओटी भरतात. पदरात तांदूळ, नारळ, खण, कपाळाला कुंकू. पण नवऱ्याला सोडून आलेलीची कोण भरतं? नाही म्हणत कुणी नाही, फक्त ओट्या भरायची वेळ झाली की तिला कुणीतरी पाणी आणायला पाठवतं. चार वर्षं मी पाणी आणत होते. लग्नात, बारशाला, डोहाळजेवणात. माझ्याहून लहान चुलतबहिणी पदर पसरून बसायच्या आणि मी स्वयंपाकघरात उगाच भांडी लावायची. कुणाजवळ एका शब्दानं बोलले नव्हते. मी कॉम्प्युटरवाली, मला असल्या गोष्टींचं काय, असा तोरा मी मिरवत होते, आणि आतून मला त्याचं लई वाटत होतं.

मी पाटावर बसले. मावशीनं सावकाश, अगदी रीतसर केलं. पाय धुतले. हळद लावली, कुंकू लावलं, हिरवा खण आणि नारळ ओटीत घातला, ओंजळीनं तांदूळ घातले. पुन्हा घातले, पुन्हा घातले. पाच वेळा. मग तेलवात, मग आरती. मी खाली मान घालून रडत होते. दूध संघ, बाळासो, डबा, डिश, सगळं काही काळ डोक्यातून गेलं. मला वाटलं, एक तरी माणूस निघालं ज्याला मी दिसते.

“रडू नगं गं,” मावशी म्हणाली.

डोळे पुसले तेव्हा उन्हं कलली होती. मी पदराची ओटी आवरून उठले आणि म्हटलं, मावशी, आता कुलूप तोडते, नवीन आणून देईन.

तिनं दार अडवलं. “ऱ्हावदे की आता. पाच वाजूदेत.”

“पाच कशाला?”

तिनं पदर सावरला आणि घड्याळाकडं बघितलं.  मी स्वयंपाकघरात जाऊन पाट्यावरचा वरवंटा उचलला आणि दोन घावांत कुलूप पाडलं.

वर डिश जागच्या जागी होती. माकडानं तिला नख लावलेलं नव्हतं. मी दुर्बीण डोळ्याला लावली. नदी, वाडीकडचा झाडोरा, उसाची हिरवी रानं, आमचं गाव, उंचवटा, आमचं घर. आमच्या घराशेजारी पिवळी क्रेन उभी होती. गच्चीवर चार जाडजूड लोखंडी पाय रोवलेले होते आणि क्रेनच्या दोरीला एक लालपांढरा मनोरा लोंबकळत होता. मोबाइल कंपनीचा टॉवर. माझा खांब नव्हता. गच्चीच्या कडेला उभा राहून सोमेश क्रेनवाल्याला हातानं खुणा करत होता. डावीकडं थोडं, अजून थोडं, बास. मी शिकवलेल्या खुणा.

मावशी धापा टाकत वर आली. मी दुर्बीण तिच्या हातात दिली, तिनं ती डोळ्याला लावलीही नाही.

“सोमेशचा फोन आल्ता सकाळी,” ती म्हणाली. “पाच वाजेस्तवर तिला वर जाऊ दिऊ नगस म्हणला. तुझा बा पण बोलला. मी काय करू बाळ? त्येंच्या घरचं हाय.”

“मामाला पण?”

“समद्यांस्नी.”

समद्यांना. म्हणजे काकवी त्यासाठी. मामींचे गुडघे त्यासाठी. गुंडूसुद्धा जाणत होता आणि त्या बिचाऱ्यानं मला तोंडावर सांगितलं होतं, तर मी त्याला चोर म्हणून आले. आणि हा खण, हा नारळ, पाच-पाच वेळा घातलेले तांदूळ, तेही त्यासाठीच. मी मावशीला एवढंच विचारलं, ओटीसुद्धा? तिनं पदर तोंडाला लावला. मी तिच्याकडं पुन्हा बघितलं नाही.

कुरुंदवाडहून घरी येईपर्यंत रस्ता कसा गेला ते मला सांगता येणार नाही. वाडीच्या पुलावर दत्ताच्या दर्शनाला आलेल्या गाड्यांची गर्दी होती आणि मी हॉर्नवरचा अंगठा काढलाच नाही, एवढं आठवतं.

माझा खांब अंगणात आडवा पडला होता. डिश खताच्या पोत्यांवर उपडी टाकलेली. दुकानाच्या ओट्यावर अप्पा खुर्चीत बसून कंपनीच्या इंजिनिअरला चहा देत होते. तो पोरगेला, पुण्याकडचा दिसत होता. मला बघून उठला आणि मनापासून हसला.

“वायरलेसवाल्या मॅडम तुम्हीच ना? तुमचं कौतुक वाटतं हं. काय जागा शोधलीय तुम्ही. आम्हाला सर्व्हे करावाच लागला नाही. सोमेशनी तुमचा नकाशा दिला, आम्ही पुढच्या जागा पण त्यावरूनच घेतोय. कुरुंदवाड, हेरवाड.”

त्याला काहीच माहीत नव्हतं. त्याच्यावर ओरडण्यात अर्थ नव्हता, आणि ज्याच्यावर होता तो जिन्यातून खाली येत होता.

“पुढच्या जागा,” मी सोमेशला म्हटलं. “मावशीची आणि मामाची गच्ची पण दिलीस?”

“आक्का, ऐक तरी,” सोमेश म्हणाला. “त्येंनापण भाडं मिळतंय. कायमचं. तुझ्या चिवड्यावर माणसं किती दिस गच्ची देणार?”

“मला सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं असतं तर तू करू दिलं असतंस व्हय?”

खरंच दिलं नसतं. मी विचारलं, आजच का. चाचणी आज आहे हे त्याला माहीत होतं. आठ दिवस तोच बॅटऱ्या भरत होता.

“क्रेन आजच मिळत हुती. सोमवारपास्नं ऊसतोड सुरू हुनार, रस्त्यानं नुसत्या बैलगाड्या. मग क्रेन गावात शिरत न्हाई फेब्रुवारीपातूर. चाचणी काय पुढं ढकलता येती.” आणि मग खाली बघत, “कंपनीची अट हाय, गच्चीवर दुसरा कुणाचा खांब नको म्हणून.”

कुंपणानंच शेत खाल्लं म्हणतात, ते मी आजवर दुसऱ्यांच्या घराबद्दल बोलत आले होते. मी त्याला मारलं. भर अंगणात, इंजिनिअरसमोर, थोबाडीत. त्यानं नुसता गाल चोळला. त्याची मला जास्त चीड आली.

“हात आवर,” अप्पा खुर्चीतून म्हणाले. “त्येचं लगीन ठरतंय. घराला बारमाही उत्पन्न झालं तर चार पावणं इज्जतीनं दारात येत्यात. त्येचं चुकलं काय?”

“आणि माझं काम, अप्पा?”

“तुझं काम हाय की. कॅफे हाय.” ते चहाच्या कपाशी खेळत राहिले. “आणि तू काय जन्मभर हितं ऱ्हाणार हाईस व्हय?”

मी विचारलं, मग कुठं राहणार? मला खरंच ऐकायचं होतं. त्यांच्या मनात काही जागा असेल, कुठलं गाव, कुठलं घर, तर त्यांनी ते सांगावं. अप्पांनी इंजिनिअरला आणखी चहा घेणार का म्हणून विचारलं.

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. जयसिंगपूरहून बाळासो. “मॅडम, दूध सुरू झालं म्हणत्यात. माझा पडदा कोरा हाय. बिघाड कुठं हाय?”

“आमच्या घरी,” मी म्हटलं. “खांब काढलाय. आज होणार नाही.”

“आज न्हाई म्हंजे,” ते म्हणाले. “बरं. बघू म्हणं.” वाईट माणूस नव्हता. पण त्यांच्या ‘बघू’चा अर्थ मला ठाऊक होता. पुढं महिन्याभरात संघानं मोबाइल कंपनीचीच जोडणी घेतली. आमच्याच गच्चीवरून जाणारी.

मी आत गेले. सगळ्यांवरचा राग संपला होता असं नाही, पण मला एक माणूस हवं होतं ज्याला यातलं काही माहीत नसेल. अव्वा. माझी आई बसम्मा बाहेरच्या व्यवहारात कधी पडली नाही. टॉवर म्हणजे काय, भाडं म्हणजे काय, तिला कुणी विचारत नसे आणि सांगतही नसे. बेळगावहून आले त्या दिवशी सगळं घर प्रश्न विचारत होतं आणि तिनं एकटीनं न विचारता ताट वाढलं होतं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. ती भाकरी थापत होती. मला वाटलं, आता हिच्या मांडीवर डोकं ठेवावं आणि मोठ्यानं रडावं.

तिनं मान वर केली. माझ्या कपाळाकडं बघितलं आणि तिचा चेहरा निवळला.

“भरली न्हवं मावशीनं ओटी? चांगली भरली?”

मी दाराची चौकट धरली.

“ह्या दोघांचं डोकंच चालंना सकाळी,” अव्वा हळू आवाजात म्हणाली. ती मला समजावत होती, जवळ घेत होती, असाच तिचा सूर होता. “जेवाय बोलावलं तर तू उभ्यानं खाऊन पळतीस. किल्ली हरवली म्हणलं तर कुलूप फोडतीस. मग मीच फोनवर सांगितलं महादेवीला, म्हणलं ओटी भर तिची. तेवढ्यासाठी बसंल ती.”

तव्यावरची भाकरी तिनं उलटली.

म्हणजे तिला माहीत होतं. चार वर्षं मी पाणी आणायला उठायची तेव्हा माझ्या मनात काय व्हायचं, ते या घरात तिला एकटीला कळत होतं. ती कधी बोलली नाही, कुणाला म्हणाली नाही की माझ्या मुलीची पण भरा. जपून ठेवलं होतं, आणि बाहेर काढलं ते आज, माझा खांब पाडायला.